शेखाची सही आणि कुळाचे पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात शेतीसाठी मदत घेऊन जाणारी माणसे एक वाक्य नेहमी उच्चारतात : ‘आम्ही स्थानिक नेत्यांना बरोबर घेऊन काम करतो.’ वाक्य निर्दोष आहे. परंतु हा नेता कोण आणि तो नेता झाला कसा, हे विचारल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. २००३ नंतरच्या इराकने हा प्रश्न न विचारण्याची किंमत मोजली आहे.

इराकी शेखाला आपण अनादिकालापासूनचा टोळीप्रमुख समजतो. टोळीप्रमुख तो होताच. पण जमीनदार शेख ही बऱ्याच अंशी ब्रिटिश साम्राज्यशाहीची निर्मिती होय. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया घेताना ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील कारभाराचा साचा तेथे नेला. बलुचिस्तानात नोकरी केलेल्या हेन्री डॉब्स यांनी सरहद्दीवरील कायद्याच्या धर्तीवर १९१६ मध्ये टोळ्यांसाठी वेगळे दिवाणी-फौजदारी नियम आणले आणि शेखाच्या अधिकारामागे सरकार उभे राहिले. १९३२ च्या जमीनबंदोबस्ताच्या कायद्याने टोळीची सामायिक वहिवाट शेखाच्या नावावर चढण्याचा मार्ग मोकळा झाला. १९३३ च्या कायद्याने कर्जबाजारी कुळाला कर्ज फेडल्यावाचून जमीन सोडणेही अशक्य केले. वसूल गोळा करणारा मालक कसा बनतो, हे कोकणातील खोती पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

१९५८ च्या क्रांतीनंतर बागायती जमिनीवर १,००० दोनम, म्हणजे २५० हेक्टर, अशी कमाल मर्यादा आली. पाऊल योग्यच होते. मात्र शेखाबरोबर एक व्यवस्थाही गेली. कालव्यातील गाळ काढण्यासाठी माणसे जमविणे, पंप चालू ठेवणे, बियाण्यासाठी उचल देणे ही कामे शेख आणि त्याचा कारभारी ‘सरकाल’ करीत असत. अर्थात स्वतःच्या लाभासाठीच. ती जागा भरून काढण्यास सहकारी संस्था अपुऱ्या पडल्या. ताब्यात घेतलेली जमीन वाटण्यास वर्षे लागली. हा अनुभव डाव्या चळवळीला रुचणारा नाही, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही. पुढे १९९० नंतरच्या निर्बंधांच्या काळात सद्दाम हुसेन यांनी आपल्या सोयीचे शेख पुन्हा उभे केले. लोक त्यांना कुत्सितपणे ‘नव्वदीचे शेख’ म्हणत.

२००३ च्या आक्रमणानंतर अमेरिकी लष्कर गावात शिरले तेव्हा त्याला हवा होता सही करणारा हात, आणि तोही आजच्या आज. सेनाधिकाऱ्यांच्या हाती तातडीच्या खर्चाचा निधी होता. तुकडी साधारण वर्षभराने बदलत असे. कामाचा हिशेब खर्च झालेल्या डॉलरांत होई. २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने सेनाधिकाऱ्यांसाठी काढलेल्या एका मार्गदर्शिकेच्या नावातच पैशाला ‘शस्त्रप्रणाली’ म्हटले आहे. एवढा प्रामाणिकपणा सहसा आढळत नाही! शस्त्र ज्याच्या हाती दिले तो नेता झाला, आणि नेता पुष्कळदा ठेकेदार झाला.

बगदादच्या दक्षिणेस महमुदिया येथे कोंबड्यांच्या मांसावर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. अमेरिकी परराष्ट्र खात्यातर्फे तेथे काम केलेले पीटर व्हॅन ब्युरेन यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात त्याची हकीकत दिली आहे. खर्च पंचवीस लाख डॉलरांच्या वर. विजेचा भरवसा नाही, आणि बाजारात ब्राझीलची गोठवलेली कोंबडी स्वस्त. पाहुणे आले की यंत्रे फिरत, एरवी बंद. असा कारखाना का चालणार नाही, हे बाजारात कोंबडी विकणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. पण शेखाच्या ‘मुदीफ’मध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यात, होणाऱ्या बैठकीत बाईला जागा कुठली? लागोपाठच्या युद्धांनी विधवा झालेल्या कितीतरी स्त्रिया शेती सांभाळत असताना ही स्थिती होती.

याच्या उलट उदाहरण दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशाचे. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम राजवटीने बांध घालून तो कोरडा पाडला होता. २००३ मध्ये राजवट कोसळताच तेथील लोकांनी स्वतः बांध फोडून पाणी परत आणले. तज्ज्ञ आणि निधी मागाहून आले. २०१६ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदविला.

म्हणून शेखाला वगळा, असे सांगणे सोपे असले तरी खरे नाही. तो वगळला तर पंपाची चोरी कोण थांबविणार? दोन गावांतील पाण्याचा तंटा कोण मिटविणार? काम करणाऱ्याने त्याच्याकडे चहा घ्यावाच. परंतु तेथून उठून कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जावे. वरच्या अंगाचा शेतकरी सांगतो ते पाणी आणि टोकाच्या शेतात पोहोचते ते पाणी, यांतील अंतर हाच नेतृत्वाचा खरा ताळेबंद होय. पैसा किती आला आणि कोणास दिला, हे अरबीत वा कुर्दीत गावापुढे वाचून दाखविण्यास शेख तयार नसेल, तर पहिला हप्ता रोखून धरण्याचे धैर्य हवे.

उत्तरेकडील सिंजारमध्ये २०१४ साली ‘इसिस’ने यझिदींचा संहार केला, विहिरी राडारोडा व तेल टाकून बुजविल्या, बागा तोडल्या, विजेच्या तारा नेल्या. परतलेल्या कुटुंबाची विहीर कोणती, हे सांगण्यास गावच्या मुख्तारची साक्ष मोलाची, कारण १९७५ पासून नव्या वसाहतींत हलविलेल्या यझिदींना राहत्या घराचेही मालकीपत्र मिळाले नव्हते. ते देण्याचा निर्णय इराकी मंत्रिमंडळाने २०२२ च्या डिसेंबरात घेतला, सत्तेचाळीस वर्षांनी.