गाजराच्या रसातले राखणदार

बीड, परळी, अंबाजोगाईत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात गाजराचा रस बाहेर ठेवणं धोक्याचं, कारण त्याला लिंबाचा आंबटपणा नसतो. सामू (pH) 6च्या आसपास, जंतूंना मानवणारा! 2006 साली अमेरिकेत फ्रिजबाहेर राहिलेल्या बाटलीबंद गाजररसामुळे बॉट्युलिझम ही जंतुजन्य विषबाधा होऊन रुग्णांना पक्षाघात झाला.

इथे दह्याच्या जातकुळीचे जिवाणू मदतीला येतात.

लॅक्टोबॅसिलस प्लँटारम रसातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतो. सामू 4.6च्या खाली उतरला की बॉट्युलिझमचा जंतू वाढत नाही. काही वाण बॅक्टेरिओसिन हे जंतुरोधक प्रथिनही सोडतात, त्याने लिस्टेरिया हा रोगजंतू आवरतो. ई. कोलायचे काही प्रकार मात्र आम्लातही तग धरतात, म्हणून गाजरं नीट धुणं आणि रस थंड ठेवणं सुटत नाही. उत्तरेकडची काळ्या गाजरांची कांजी अशाच आंबवणीतून तयार होते.