वाढून झालं, काम संपलं नाही

आपल्यातल्या बऱ्याच गटांकडे अंगणवाडीच्या गरम आहाराचं काम आहे. ३ ते ६ वर्षांच्या पोरांच्या घशात अख्खा शेंगदाणा, हरभरा अडकू शकतो. श्वास कोंडलेलं मूल ओरडत नाही हं, गप्प होतं. म्हणून जेवताना कुणीतरी समोर बसायलाच हवं. हरभरा बोटानं चेपेल इतका शिजवा, शेंगदाण्याचं कूट घाला. पोरं बसूनच जेवू देत. घास अडकला आणि मूल खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच निघेना, तर घशात बोट घालू नका. पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहातानं ५ जोरदार थापा मारा. दुसरीनं लगेच १०८ लावायचा. सेविकाताई रजिस्टर लिहीत असताना पोरांवर नजर कुणाची? येत्या बैठकीत नावानिशी ठरवा.