तांब्याची खरी परीक्षा

गावोगावच्या प्रयोगशाळांतून आलेले प्राध्यापक, कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर आणि विद्यार्थिमित्रहो,

स्वागताध्यक्षाने थोडक्यात आवरायचे असते, हे मला ठाऊक आहे. पण आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हाती माईक दिलात, तेव्हा थोडे सोसावे लागेल.

आपल्या परिषदेचा विषय आहे कर्करोगावर तांब्याची संयुगे; पण धातूंची कर्करोगाच्या उपचारातली वाट उघडली ती योगायोगाने. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते धाग्यासारखे लांबत गेले. करणी विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांची होती. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये सिसप्लॅटिनला तिथे औषध म्हणून मान्यता मिळाली. वृषणाच्या कर्करोगाचे चित्रच त्याने पालटले. मात्र मूत्रपिंड, कान आणि नसा यांना त्याची झळ बसते, हे इथले डॉक्टर रोज पाहतात.

मग तांब्याकडे नजर वळणे साहजिक होते. तांबे शरीराला परके नाही. पेशीच्या श्वसनातले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज त्याच्यावाचून चालत नाही. पेशीत शिरलेले द्विसंयुजी तांबे ग्लुटाथायोनमुळे एकसंयुजी होते, हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलके तयार करते आणि ती डीएनए तोडतात. फिनॅन्थ्रोलिन आणि तांब्याची जोडी डीएनए चिरते, हे डेव्हिड सिगमन यांच्या गटाने १९७९ मध्येच दाखवले होते. मेक्सिकोत लेना रुईस-अझुआरा यांच्या कॅसिओपिना संयुगांची मजल तर माणसांवरील चाचणीपर्यंत गेली.

आता आपल्या घरचे बोलू. शिफ बेस लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, बनवायचा, त्यात कॉपर अ‍ॅसिटेट घालायचे, हिरवा साका गाळून वाळवायचा आणि एमटीटी चाचणीला पाठवायचा, हे आपल्या एमएस्सीच्या मुलांना झोपेतही जमते. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये जिथे कर्करोगाच्या पेशी जिवंत, तिथे जांभळा रंग येतो. मेल्या तिथे पिवळाच राहतो. पिवळे खळगे दिसले की पेपर तयार! पण त्या पेशी मारल्या कोणी? तांब्याने, नुसत्या लिगंडने, की दोघांनी मिळून? फिनॅन्थ्रोलिन एकटेही विषारीच असते. शेजारच्या खळग्यांत निरोगी पेशी होत्या का? आणि रक्तातले अल्ब्युमिन तांब्याला घट्ट धरते. त्याच्या तावडीतून आपले कॉम्प्लेक्स गाठीपर्यंत अखंड पोहोचेल का? परीक्षक म्हणून हे प्रश्न विचारले की व्हायव्हात शांतता पसरते.

इलेस्क्लोमोलची हकिगत म्हणूनच मला मोलाची वाटते. हे औषध तांबे पेशीच्या मायटोकाँड्रियात नेऊन सोडते. मेलॅनोमावरील तिसऱ्या टप्प्याची त्याची चाचणी २००९ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. प्रकरण तिथेच मिटले असते. पण आकडे पुन्हा तपासले तेव्हा रक्तातले एलडीएच हे विकर सामान्य असलेल्या रुग्णांना काहीसा फायदा झालेला दिसला. मग २०२२ मध्ये पीटर त्स्वेतकोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तांबे मायटोकाँड्रियातल्या लिपोइल जोडलेल्या प्रथिनांना चिकटते, त्यांचे गठ्ठे होतात आणि पेशी मरते. त्याला त्यांनी कप्रॉप्टोसिस म्हटले. औषध कोणत्या रुग्णाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, याचा धागा असा फसलेल्या चाचणीतून हाती आला.

पत्रकार मित्रांना एक हात जोडून विनंती: तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने कर्करोग बरा होतो, असे या परिषदेच्या हवाल्याने कृपया छापू नका. इथे कोणी तसे म्हणणार नाही.

आणि संशोधक मित्रहो, आपापले निबंध मांडताना न चाललेली संयुगेही सांगा, निरोगी पेशींचे आकडेही दाखवा. दुपारच्या सत्रात डॉक्टर मंडळी समोर बसणार आहेत. त्यांच्या आडव्यातिडव्या प्रश्नांना मोकळेपणाने सामोरे जा.