१२ सेकंदांचा सिग्नल

तुम्ही चहा प्यायला उठलात की तुमचा कॉम्प्युटर काय करतो? काही नाही, नुसता बसून असतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या काही जणांनी नेमका हाच रिकामा वेळ लोकांकडे मागितला. १७ मे १९९९ ला 'सेटी अ‍ॅट होम' सुरू झालं. प्रोग्रॅम फुकट उतरवायचा. तुम्ही काम थांबवलंत की स्क्रीनसेव्हर चालू, आणि त्यामागे तुमचं मशीन परग्रहावरून आलेला रेडिओ सिग्नल शोधतंय!

डेटा यायचा पोर्तो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीतून. डोंगरातल्या खळग्यात बसवलेली ३०५ मीटर व्यासाची थाळी. रेकॉर्डिंगच्या टेपा चक्क टपालाने बर्कलीला जायच्या. तिथे तुकडे पडायचे आणि साधारण १०७ सेकंदांचा एकेक तुकडा एकेका घरी पोचायचा.

आता त्यात शोधायचं काय? मला सगळ्यात आवडतं ते हे. थाळी जागची हलत नाही, पण पृथ्वी फिरते. त्यामुळे आकाशातला एखादा बिंदू दुर्बिणीच्या नजरेसमोरून साधारण १२ सेकंदांत सरकून जातो. म्हणजे सिग्नल खरंच ताऱ्यांकडून येत असेल, तर तो हळूहळू चढणार आणि तसाच ओसरणार, सगळं मिळून १२ सेकंदांत. जवळपासचं रडार सहसा असं वागत नाही. त्यात पुन्हा आपण फिरतोय, समोरचा ग्रहही फिरत असणार, म्हणून फ्रिक्वेन्सी सरकते. किती, ते माहीत नाही. मग हजारो शक्यता एकेक करून लावून बघायच्या. गणित फार अवघड नाही हो, पण अवाढव्य आहे.

५० लाखांहून जास्त लोक यात आले. कोणी किती तुकडे तपासले याची यादी लागायची, आणि यादी आली की चढाओढ आली. काहींनी वर जायला प्रोग्रॅममध्येच फेरफार केले! म्हणून एकच तुकडा एकाहून जास्त घरी पाठवून उत्तरं जुळवावी लागायची. एलियन राहिले बाजूला, माणसं मात्र लगेच सापडली.

आणि हे तसं फुकटही नव्हतं. प्रोसेसर पूर्ण जोराने चालतो, पंखा घोंघावतो, वीज लागते. रिकामा वेळ देणं मला पटतं. फक्त यासाठी रात्रभर मशीन चालू ठेवायचं, तर बिल कोण भरतंय ते आधी बघा.

३१ मार्च २०२० ला नवे तुकडे पाठवणं थांबलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबो कोसळली. एलियन? अजून नाही. पण सापडलेल्या सुमारे १२०० कोटी नोंदी गाळून शंभरेक उरल्या. आता चीनच्या फास्ट दुर्बिणीने आकाशातल्या त्या जागा पुन्हा तपासल्या जाताहेत.

तुम्हाला हात लावून बघायचाय? बर्कलीचंच 'बॉइंक' अँड्रॉइडवर आहे. त्यात 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम' निवडा. एलियन नाही, पण पल्सार शोधता येतात. २०१० मध्ये घरच्या कॉम्प्युटरांनी एक शोधलाही होता. मूळ सेटिंगमध्ये फोन चार्जिंगला असतानाच ते चालतं आणि डेटा वायफायवरूनच घेतं. तापतो थोडा, तेव्हा कव्हर काढून ठेवा.