पेटी कपाटातून बाहेर काढा

आज जरा वेगळंच सांगतो. हसू नका, कामाचं आहे.

पंचवटीत एका जुन्या वाड्यात एक आजी राहतात. मुलगा परदेशी. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मग काय झालं, चेहरा दिसता दिसता गोठायचा, आवाज तुटायचा. तिसऱ्या रविवारी आजींनी फोन उचललाच नाही. मला म्हणाल्या, "महाराज, त्याला आता आईशी बोलायचं नाही. दोन शब्द झाले की फोन ठेवतो."

मी म्हटलं, आजी, लेकाला बोल लावण्याआधी पेटी बघू. पेटी म्हणजे राउटर हो!

आता नीट ऐका. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. बाहेरून पेटीपर्यंत तार येते, पेटीपासून फोनपर्यंत बिनतारी. वाटा दोन. बिघाड कुठल्या वाटेवर, ते आधी ठरवायचं. फायबरच्या पेटीवर 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरची तार बघायला कंपनीला कळवा. घरात खटपट करून उपयोग नाही. आजींकडे तो दिवा विझलेला होता. फोन पेटीजवळ नेला, चित्र झरझर चालू. देवघरात नेला, ठप्प. सापडलं की नाही?

पेटी होती कुठे? धूळ बसू नये म्हणून लोखंडी कपाटात, पितळी डब्यांच्या मागे! धातू लहरी अडवतो, त्यात वाड्याच्या भिंती हातभर जाड. पेटी मधल्या खोलीत उंच फळीवर ठेवली. तार जपून वळवली, आत काच असते. पेटी दोन नावं दाखवत होती. 5 गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपाशी दमतं. 2.4 चं हळू, पण लांब पोचतं. देवघरासाठी हे दुसरं जोडून दिलं. मायक्रोवेव्हही 2.4 च्याच आसपास चालतो, तेव्हा पेटी त्याच्या शेजारी नको.

आणि पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं, मागचं बारीक भोक टाचणीने दाबून धरणं वेगळं. त्याने सगळी जुळणी पुसते, पासवर्डसकट. आमच्या एका टाळकऱ्याने तेच केलं, चार दिवस घर गप्प!

रविवारी आजींनीच आधी फोन लावला. लेक म्हणाला, "आई, मी हॅलो हॅलो ओरडत होतो. मला वाटलं, तूच ठेवतेस."

आजी क्षणभर बोलल्या नाहीत. मग विचारलं, "जेवलास का रे?"