जुन्या वाड्याचे दार
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. घरी केलेले एक काम तेवढे सांगते.

आपली दापोडी मुळा-पवनेच्या संगमावर. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात आमचे दार फुगले, चौकट खालून कुजली, शेजारची खिडकीही गेली. कडी लागेना. ह्यांना रात्रपाळी, मी व मुलगी दाराला पाटा लावून निजत असू. नव्या दारापुरते पैसे नव्हते.

सुतळीला गाठी मारून माप घेतले आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून वाड्याचे सागवानी दार चौकटीसह व गजांची खिडकी आणली. लाकूड आधी वाजवून पाहावे. वाळवी लागलेले पोकळ वाजते. जुना साग मुरलेला, सहसा वाकत नाही.

मुलीने ओळंबा धरला. चौकटीचे दोन्ही कर्ण सुतळीने मोजले; बोटभर फरक निघाला. पाचरी काढून पुन्हा बसविली. कर्ण सारखे आल्यावरच सिमेंट भरले. खिडकीही तशीच बसविली. लाकडाला अळशीचे तेल दिले.

सिमेंट वाळल्यावर दार लावले. त्या रात्री पाटा स्वयंपाकघरात परत गेला.

ओळंबा माझ्यापाशी आहे. जिला लागेल तिने न्यावा.