राखणीला जाताना अंथरूण कसे घालाल?



पिकाच्या राखणीला किंवा खळ्यावर आपण उघड्यावर झोपता. त्या वेळी घोंगडी जमिनीवर अंथरू नका. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंश बहुधा दुखत नाही, खूणही सहसा दिसत नाही.

म्हणून बाजेवर झोपावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारही बाजूंनी गोधडीखाली खोचाव्यात. पांघरूण जमिनीला टेकू देऊ नये. अंथरूण झटकून घालावे, उशाशी बॅटरी ठेवावी.

पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे.

पिकाची राखण करता, तशी स्वतःचीही करा.